स्थौल्यावरील शस्त्रकर्म आणि त्याचे पश्चात्कर्म : वैद्य व औषधविक्रेते यांनी जाणावयाचे धोके

आचार्य चरकांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या, अर्थात अष्टौनिन्दितीय अध्यायात आठ निंद्य शरीरांची गणना करून त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचेच विवेचन विस्ताराने केले आहे, हे आपणा सर्वांस विदितच आहे. या दोन टोकांच्या अवस्था एकाच अध्यायात शेजारी शेजारी का ठेवल्या असाव्यात, याचा प्रत्यय सांप्रत काळी एका वेगळ्याच निमित्ताने येऊ लागला आहे. स्थौल्य कमी करण्यासाठी आमाशयावर व आंत्रावर केली जाणारी शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिएट्रिक सर्जरी, आता केवळ मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही ती होऊ लागली आहे आणि ती करून घेतलेला रुग्ण काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी वा काही वर्षांनी आपल्या चिकित्सालयाची अथवा औषधालयाची पायरी चढतो. त्या वेळी तो स्थूल असतोच असे नाही. पुष्कळदा तो कार्श्याकडे, धातुक्षयाकडे निघालेला असतो आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

पुढील प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही चिकित्सालयात घडू शकेल. चाळिशीतील एक भगिनी येतात. दोन महिन्यांपूर्वी 'वजनाचे ऑपरेशन' झाले, असे सांगतात. गेले तीन आठवडे काहीही घेतले की उलटी होते, अशक्तपणा आहे, चालताना तोल जातो. वजन वीस किलोने उतरल्याने घरची मंडळी समाधानात असतात. वैद्य छर्दी व अम्लपित्ताची चिकित्सा देतात आणि अशक्तपणासाठी शेजारच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन लावली जाते. दुसऱ्या दिवशी त्या भगिनी भ्रमिष्टासारखे बोलू लागतात व त्यांची नजर स्थिर राहत नाही. येथे नेमके काय चुकले, हे या लेखात पुढे यथास्थान येईल. तूर्त इतकेच सांगावयाचे की, चूक शस्त्रकर्मात नव्हती. ती त्यानंतरच्या काळजीत होती.

सुश्रुताचार्यांनी शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. या शस्त्रक्रियेचे धोके समजून घेण्यास हीच विभागणी सर्वांत सोयीची आहे.

शस्त्रकर्माचे स्वरूप

या शस्त्रक्रियांचा इतिहास थोडा पाहणे बोधप्रद आहे. सन १९५४ च्या सुमारास अमेरिकेत लघ्वंत्राचा मोठा भाग वगळून आंत्र जोडण्याची पद्धत सुरू झाली. वजन उतरले, परंतु पुढील वर्षांत यकृत निकामी होणे, मूत्राश्मरी व तीव्र कुपोषण हे उपद्रव इतके दिसले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. सन १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी आमाशयाचा बायपास केला आणि १९९४ पासून तो दुर्बिणीद्वारे होऊ लागला. धोका शस्त्रकर्माच्या दिवशी नव्हे तर काही वर्षांनी प्रकट होतो, हा धडा या शाखेने आरंभीच घेतला आहे.

सध्या प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात.

१) स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : यात आमाशयाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून शरीराबाहेर काढतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर इतकेच मावते. काढलेला भाग पुन्हा बसविता येत नाही. क्षुधा वाढविणारे घ्रेलिन नामक संप्रेरक मुख्यत्वे या काढलेल्या भागातच तयार होत असल्याने क्षुधाही मंदावते.

२) रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास : यात आमाशयाच्या वरच्या टोकाची सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी वेगळी करून ती थेट लघ्वंत्राच्या पुढील भागास जोडतात. अन्न उरलेल्या आमाशयातून व ड्युओडेनममधून जातच नाही. ग्रहणी म्हणजेच ड्युओडेनम हे समीकरण सर्वमान्य नसले तरी, अग्नीचे अधिष्ठान मानलेल्या भागास वळसा घालून अन्न पुढे जाते, असे म्हटले म्हणजे आपल्या वाचकांस या शस्त्रकर्माचे मर्म चटकन ध्यानात येईल.

३) मिनी बायपास : यात लांब नळीसारखे आमाशय ठेवून आंत्राशी एकच जोड देतात. भारतात ही पद्धत बरीच प्रचलित आहे. किती लांबीचे आंत्र वगळले यावर पुढील कुपोषणाची शक्यता अवलंबून असते. पित्त उलट आमाशयात येण्याचा त्रासही यात संभवतो.

आमाशयाभोवती पट्टा बसविण्याची पद्धत आता बहुतांशी मागे पडली आहे. तथापि पूर्वी पट्टा बसविलेले रुग्ण अजूनही भेटतात. पट्टा सरकणे वा आमाशयाच्या भित्तीत रुतणे हे त्याचे उपद्रव होत.

म्हणून रुग्णास विचारावयाचा पहिला प्रश्न 'ऑपरेशन झाले का' हा नसून 'कोणते ऑपरेशन झाले' हा आहे. त्याच्याजवळचे रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड पाहिल्याखेरीज औषध लिहू नये.

लाभाची बाजू

धोक्यांचा विचार करताना लाभ झाकून ठेवणे शास्त्रीय वृत्तीस शोभणारे नाही. अतिस्थौल्याने आयुष्याचा ऱ्हास होतो, हे आपल्या आचार्यांनीच सांगितले आहे. स्थूल व कृश यांत स्थूलाची चिकित्सा अधिक दुष्कर, हेही त्यांचेच मत आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू असलेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळले. त्याचा २०२० मधील अहवाल सांगतो की, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान नेहमीची चिकित्सा घेणाऱ्या स्थूल रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक होते. तरीही ते सर्वसामान्य लोकांपेक्षा साडेपाच वर्षांनी कमीच होते. प्रमेहावर होणारा परिणाम तर अनेकदा लक्षणीय असतो. सन २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार बी.एम.आय. ३५ वा अधिक असणाऱ्यांस ही शस्त्रक्रिया सुचविली जाते आणि आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणण्यात आली आहे. यावरून पुढील काळात असे रुग्ण वाढतच जाणार, हे उघड आहे. आपण या शस्त्रक्रियेच्या बाजूचे असू वा विरुद्ध, झालेल्या रुग्णाची काळजी घेणे आपणांस टाळता येणार नाही.

पूर्वकर्मातील धोके

पूर्वकर्म नीट न होणे हाच पुढील अनेक आपत्तींचा उगम असतो. झोपेत श्वास अडकण्याचा विकार, हृद्रोग, रक्तातील शर्करा, यकृतातील मेदसंचय यांची तपासणी व तंबाखू-धूम्रपानाचा त्याग शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवा. मद्याचे व्यसन, अनियंत्रित मनोविकार, खाण्यावरील ताबा पूर्णपणे सुटणे या गोष्टी लपविल्या गेल्यास शस्त्रकर्म यशस्वी होऊनही रुग्ण हरतो. जीवनसत्त्वांची कमतरता पुष्कळ स्थूल व्यक्तींत आधीपासूनच असते. शरीर मोठे म्हणजे पोषण उत्तम, हा समज चुकीचा आहे.

या टप्प्यावर आपला संबंध थेट येतो. रुग्ण आपल्याकडील गुग्गुळुकल्प, लशुन, यष्टिमधु इत्यादी औषधे घेत असतो आणि शल्यचिकित्सकास ते सांगत नाही, कारण 'आयुर्वेदिक औषधांचे काय सांगायचे' अशी त्याची समजूत असते. लशुनादी काही द्रव्यांनी रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम होऊ शकतो. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेच्या साधारण दोन आठवडे आधी अशी औषधे थांबवावीत व सर्व औषधांची लेखी यादी रुग्णाच्या हाती द्यावी. ही यादी वैद्यांनी स्वतःच्या लेटरहेडवर दिली तर ती वाचली जाते.

प्रधानकर्म व पहिला महिना

अमेरिकेतील दहा रुग्णालयांत ४,७७६ रुग्णांचा अभ्यास होऊन २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, तर एखादा तरी गंभीर उपद्रव होण्याचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. प्रमाण अल्प आहे. परंतु ज्याच्यावर वेळ येते त्याच्यासाठी ते शंभर टक्के असते.

या काळातील तीन उपद्रव मुख्य होत. पहिला, स्टेपलच्या रेषेतून वा जोडातून गळती. दुसरा, रक्तस्राव. तिसरा, पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाणे. गळतीमध्ये पोट दगडासारखे कडक होईलच, ताप भरेलच असे नाही; स्थूल शरीरात ही चिन्हे झाकली जातात. नाडीची गती मिनिटाला १२० च्या पुढे टिकून राहणे हे बहुधा सर्वांत आधीचे लक्षण असते. नाडीपरीक्षा हा ज्यांचा नित्याचा अभ्यास आहे त्यांनी तरी हे निसटू देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि गळती त्यानंतरही होऊ शकते. एका पायास सूज, अचानक श्वास लागणे, डाव्या खांद्यात कळ, अकारण अस्वस्थता यांपैकी काहीही असल्यास घरी औषध न देता रुग्णास मूळ रुग्णालयात पाठवावे.

पश्चात्कर्म : येथेच खरा धोका

(अ) छर्दी व थायमिनचा अभाव. आरंभी वर्णिलेला प्रसंग येथे पुन्हा पाहू. थायमिन म्हणजे जीवनसत्त्व बी-१ याचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतर आहार अत्यल्प असतो. त्यात सतत उलट्या होऊ लागल्या की हा साठा संपतो आणि मेंदूस इजा होऊ लागते. या अवस्थेस वर्निकेचा मस्तिष्कविकार म्हणतात. बुद्धिभ्रम, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे व चालताना तोल जाणे ही त्याची त्रयी सांगितली जाते, परंतु तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. एकही दिसले तरी संशय घ्यावा. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने यासाठी विशेष जोखमीचे असतात.

अशा रुग्णास थायमिन न देता आधी ग्लुकोजची सलाइन लावल्यास, ग्लुकोजच्या पचनासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि विकार एकदम उफाळतो. आरंभीच्या प्रसंगातील चूक ती हीच. 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' ही आपल्याकडील सर्वसामान्य प्रथा या रुग्णाच्या बाबतीत घातक ठरू शकते. थायमिन शिरेतून व मोठ्या मात्रेत द्यावे लागते, कारण उलट्या होत असताना तोंडाने घेतलेली गोळी भरवशाची नसते. उशीर झाल्यास स्मृतिभ्रंश कायमचा राहतो. यास्तव, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची उलटी दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक टिकली तर ती नेहमीची छर्दी समजू नये. नळी अरुंद होणे, जोड आवळला जाणे यांसारखे कारण शोधावे लागते आणि ते काम रुग्णालयाचे आहे.

(आ) पोषणक्षय. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः ड्युओडेनम व त्यालगतच्या भागात होते. बायपासमध्ये नेमका तोच भाग वगळला जातो. बी-१२ च्या शोषणास आमाशयातील अम्ल व तेथेच स्रवणारा एक विशिष्ट घटक आवश्यक असतो. तो स्लीव्हमध्येही घटतो. बी-१२ चा साठा यकृतात दोन-तीन वर्षे पुरत असल्याने पहिल्या वर्षी सर्व काही उत्तम भासते आणि पुढे पांडुत्व, हातापायांस मुंग्या, दाह, विस्मरण अशी लक्षणे दिसू लागतात. तोपर्यंत रुग्ण शस्त्रक्रियेची गोष्ट सांगावयासही विसरलेला असतो. शाकाहारी रुग्णांत ही शक्यता अधिक. केवळ फोलिक अॅसिड देऊन पांडुरोग सुधारल्यासारखा दिसतो, परंतु मज्जातंतूंची हानी चालूच राहते, हे विशेष ध्यानात ठेवावे.

ड जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी पडल्याने अस्थी ठिसूळ होतात. अधिक लांबीचे आंत्र वगळलेल्यांत स्निग्धांश न पचल्याने अ जीवनसत्त्वही घटते व रात्री दिसेनासे होते. ऑक्झलेटच्या मूत्राश्मरीची शक्यता वाढते. प्रथिने कमी पडल्यास पायांवर सूज येते. केशपतन ही तिसऱ्या ते सहाव्या महिन्यातील नेहमीची तक्रार आहे. ती बहुतेकांत आपोआप थांबते. न थांबल्यास लोह, झिंक व प्रथिने यांची तपासणी करावी. केवळ केशतैल देऊन बोळवण करू नये.

या सर्वांवर उपाय म्हणून आजन्म पूरक द्रव्ये घ्यावी लागतात. सर्वसाधारणपणे प्रतिदिन कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, तेही शक्यतो सायट्रेट स्वरूपात. बी-१२ तोंडाने ३५० ते १,००० मायक्रोग्रॅम. पाळी येणाऱ्या स्त्रिया व बायपास झालेले यांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम. आणि प्रथिने किमान ६० ग्रॅम असे प्रमाण सुचविले जाते. लोह व कॅल्शियम एकत्र न घेता त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करावी.

(इ) उदरशूल. वेगाने वजन उतरल्याने पित्ताश्मरी होण्याची शक्यता मोठी असते. म्हणून पहिले सहा महिने काही रुग्णांस प्रतिबंधक औषध दिले जाते. याहून भयंकर आहे तो बायपासनंतरचा अंतर्गत हर्निया. आतील मेद वितळल्याने आंत्रपटलांत फटी मोठ्या होतात व त्यांत आंत्र अडकते. जेवणानंतर येणारी, थांबून थांबून होणारी तीव्र कळ शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही येऊ शकते. साध्या एक्स-रेत काही दिसत नाही. वातशूल समजून हिंग्वाष्टक देत दोन दिवस काढले, तर आंत्र मृत होऊ शकते. आमाशय व आंत्र यांच्या जोडावर होणारा व्रण हेही शूलाचे एक कारण होय. वेदनाशामक गोळ्या व तंबाखू हे त्याचे दोन प्रमुख हेतू.

स्लीव्हनंतर अम्लपित्त वाढणे हे तर सामान्यच आहे. फिनलंडमधील एका अभ्यासात दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के, तर बायपास झालेल्या ७ टक्के रुग्णांत आढळला. म्हणून अशा रुग्णाचे अम्लपित्त वर्षानुवर्षे केवळ औषधांनी शमवीत न राहता दुर्बिणीने तपासून घ्यावे.

(ई) डंपिंग व शर्करा घटणे. गोड पदार्थ आमाशयात न थांबता थेट आंत्रात उतरल्याने अर्ध्या तासाच्या आत धडधड, स्वेद, पोटात मुरडा व अतिसार होतो. काहींत जेवणानंतर एक ते तीन तासांनी रक्तातील शर्करा एकदम खाली जाते व मूर्च्छा येते. हा त्रास बहुधा एक वर्षानंतर सुरू होतो. याशिवाय मधुमेही रुग्ण जुन्याच मात्रेत गोळ्या वा इन्सुलिन घेत राहिला आणि त्यात आपण प्रमेहघ्न औषधांची भर घातली, तर शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी शर्करा तपासावी, मगच औषधाचा विचार करावा.

(उ) मन व मद्य. बायपासनंतर मद्य अत्यंत वेगाने शोषले जाते. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या विकारांत वाढ आढळली. यूटा येथील २००७ च्या अभ्यासात एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी घटले, परंतु अपघात व आत्महत्या यांसारखे व्याधीव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी अधिक होते. शरीर बदलले म्हणजे दुःख संपेल, या अपेक्षेचा भंग झालेला रुग्ण आपल्यासमोर 'झोप येत नाही' एवढीच तक्रार घेऊन येतो. त्याच्याशी दोन शब्द अधिक बोलावेत.

(ऊ) गर्भधारणा. वजन उतरल्यावर आर्तव नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते. उलट बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पूर्ण भरवशाच्या राहत नाहीत. पहिले १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी असा संकेत आहे. वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येणाऱ्या भगिनींस या शस्त्रक्रियेविषयी अवश्य विचारावे. गर्भिणीस मधुमेहाच्या चाचणीसाठी ग्लुकोजचे पाणी दिल्याने डंपिंग होऊ शकते, हे प्रसूतितज्ज्ञांच्या नजरेस आणून द्यावे. गर्भिणीच्या तीव्र उदरशुलात अंतर्गत हर्नियाचा विचार प्रथम करावा.

(ए) वजन पुन्हा वाढणे. स्वीडनच्या अभ्यासात बायपासनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन घटले. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली. थोडे वजन परत येणे हा अपवाद नसून नियम आहे. याच निराशेत रुग्ण अनोळखी 'वनौषधी' चूर्णांकडे वळतो. सिब्युट्रामिन हे द्रव्य हृदयावरील दुष्परिणामांमुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. तरीही स्थौल्यहर म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत त्याची भेसळ परदेशी नियामकांना वारंवार आढळली आहे.

आपल्या चिकित्सेत पाळावयाची पथ्ये

१) वमन वर्ज्य समजावे. आकंठपानासाठी दोन-तीन लिटर द्रव द्यावा लागतो. १०० मिलिलिटरच्या आमाशयात तो मावणार नाही आणि टाके दिलेल्या नळीवर वेगाचा ताण देणे हे साहस ठरेल.

२) तीक्ष्ण विरेचन, दीर्घ लंघन व रक्तमोक्षण यांनी जल, क्षार व रक्त यांचा क्षय आणखी वाढतो. क्षीण व दुर्बल रुग्णास शोधन अयोग्य, हा आपला मूळ सिद्धांतच येथे लागू होतो. चातुर्मासातील कडक उपवासांबाबतही रुग्णास सावध करावे.

३) स्नेहपानाची मोठी मात्रा बायपास झालेल्यास पचत नाही; स्निग्ध अतिसार होतो.

४) आसव-अरिष्टांत साधारण ५ ते १० टक्के स्वयंजात मद्यार्क असून गुळाचे वा साखरेचे प्रमाणही बरेच असते. च्यवनप्राशादी अवलेहांत तर शर्कराच प्रधान. बायपास झालेल्या रुग्णात क्वाथ, चूर्ण वा वटी यांना प्राधान्य द्यावे.

५) शंख, शुक्ती, कपर्दिक, प्रवाळ यांची भस्मे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट स्वरूपाची असून त्यांच्या शोषणास आमाशयातील अम्ल लागते. तेच कमी झाल्याने ती कॅल्शियम सायट्रेटची जागा घेऊ शकत नाहीत. हाच विचार मंडूर व लोह भस्मांबाबत करावा. ती द्यावयाची तर हिमोग्लोबिन व फेरिटिन यांच्या तपासणीवर लक्ष ठेवूनच, आणि रुग्णाची पूरक औषधे बंद न करता.

६) भल्लातक, पिप्पली, मरिच इत्यादी तीक्ष्णोष्ण द्रव्ये जोडावरील व्रणाच्या शक्यतेमुळे जपून वापरावीत. पहिल्या काही महिन्यांत इसबगोल देऊ नये. अल्प पाण्यात ते फुगून मार्ग अडवू शकते.

आहारविधीत मात्र आपले साह्य मोलाचे ठरते. मात्राशी असणे, सावकाश चावून व मन लावून जेवणे, पाणी जेवणासोबत न घेता अर्ध्या तासाच्या अंतराने घोट घोट घेणे, मुगाचे यूष, ताक, पनीर, अंडे यांतून प्रथिने पूर्ण करणे हे रुग्णास त्याच्या स्वयंपाकघराच्या भाषेत समजावून सांगणारा कोणी लागतो. तो वैद्यच असू शकतो.

औषधविक्रेत्यांसाठी

वेदनाशामक गोळी मागणाऱ्या ग्राहकास 'वजनाचे ऑपरेशन झाले आहे का' असे विचारण्यास क्षणही लागत नाही. होय असे उत्तर आल्यास आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वर्गातील गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नयेत. संथपणे विरघळणाऱ्या दीर्घकालीन गोळ्यांचे शोषण अपुरे होऊ शकते. त्या फोडून वा कुटून देणे तर सर्वथा अयोग्य. कॅल्शियमची गोळी देताना ती कार्बोनेट की सायट्रेट हे चिठ्ठीशी ताडून पाहावे. पूरक औषधे नेण्यास येणारा ग्राहक येईनासा झाला तर त्यास एकदा आठवण द्यावी. बहुतेक जण ती बरे वाटू लागल्यावरच बंद करतात.

तात्काळ पाठवावयाची लक्षणे

दोन-तीन दिवसांहून अधिक उलट्या, पाणीही न राहणे, बुद्धिभ्रम, दुहेरी दिसणे वा तोल जाणे, टिकून राहणारी द्रुत नाडी, अचानक श्वास लागणे वा एका पायास सूज, थांबून थांबून येणारी तीव्र कळ, काळा मल वा रक्ताची उलटी, जेवणानंतरची मूर्च्छा. यांपैकी एकही लक्षण असल्यास विलंब न करता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत शस्त्रक्रियेचा प्रकार व दिनांक लिहावा. उलट्यांचा रुग्ण असल्यास 'ग्लुकोजपूर्वी थायमिनचा विचार व्हावा' हे एक वाक्यही लिहावे. त्या एका वाक्याने एखाद्याची स्मृती वाचू शकेल.

उपसंहार

भूक मंद करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने २०२५ पासून भारतातही मिळू लागली असल्याने या शस्त्रक्रियांचे स्वरूप पुढे बदलेलही. परंतु ज्यांचे आमाशय एकदा लहान झाले आहे त्यांना ते जन्मभर तसेच बाळगावयाचे आहे. या शस्त्रकर्माचे प्रधानकर्म दोन-अडीच तासांचे असते. पश्चात्कर्म मात्र आयुष्यभराचे आहे. शल्यचिकित्सकाची व रुग्णाची भेट वर्षातून एकदा होते वा होतही नाही. आपली व त्याची गाठ मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर पडते. स्थूलाचा कृश होताना त्याला मध्येच सावरणे हे त्यामुळे आपल्याही वाट्यास आलेले कर्तव्य आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या केसपेपरवर 'पूर्वी झालेली शस्त्रक्रिया' या ओळीत वजनाच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र उल्लेख ठेवावा, एवढा एक बदल जरी या लेखाने घडला तरी लेखनाचे सार्थक झाले असे मानता येईल. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.

इत्यलम्.